फुटलेल्या ताऱ्यांचा माग: कुलाब्यापासून औंढ्यापर्यंत

सूर्याच्या आठपटींहून जास्त वस्तुमानाचा तारा इंधन संपले की स्वतःच्याच भाराने आत कोसळतो आणि त्याची बाहेरची आवरणे स्फोटाने उधळली जातात. हाच अतिनवतारा. काही आठवडे तो दुर्बिणीतून, क्वचित नुसत्या डोळ्यांनीही दिसतो आणि मग मंदावतो. स्फोटाचे परिणाम मात्र पुढे हजारो वर्षे चालू राहतात आणि ते कळायचे तर क्ष-किरणांकडे वळावे लागते. उधळलेला वायू सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो, त्याचे तापमान कोट्यवधी अंशांवर जाते आणि इतका तापलेला वायू मुख्यतः क्ष-किरणच बाहेर टाकतो. मध्यभागी उरलेला न्यूट्रॉन तारा किंवा कृष्णविवर शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत असेल, तर तेथूनही क्ष-किरणांचाच झोत येतो. ताऱ्याच्या पोटात सिलिकॉन, गंधक, लोखंड किती तयार झाले, याचा हिशेब याच किरणांच्या वर्णपटावरून लागतो.

पृथ्वीचे वातावरण हे किरण जमिनीपर्यंत पोचू देत नाही. सजीवांना ही मोठीच सोय असली तरी खगोलशास्त्रज्ञाला अडचण आहे. त्यामुळे उपकरण किती उंच न्यायचे आणि कोणत्या ठिकाणाहून सोडायचे, हा प्रश्न या शास्त्रात पहिल्या दिवसापासून आहे. महाराष्ट्रातल्या शास्त्रज्ञांनी त्याची उत्तरे हैदराबादच्या फुग्यांत, श्रीहरिकोट्याच्या अग्निबाणांत आणि आता हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्याच्या जमिनीत शोधली आहेत.

या विषयाचा पाया एका आगबोटीवर घातला गेला, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. १९३०च्या जुलैअखेरीस सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून इंग्लंडला निघाले, तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. प्रवासात त्यांनी केलेल्या गणितातून पांढऱ्या बटूताऱ्याच्या वस्तुमानाला कमाल मर्यादा असल्याचे दिसले. ही मर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट आहे. तिच्यापलीकडे गेलेला गाभा बटूतारा म्हणून टिकू शकत नाही. त्याला कोसळावेच लागते. न्यूट्रॉन तारे आणि कृष्णविवरे यांचा विचार या मर्यादेपासून सुरू होतो. नासाने १९९९ मध्ये सोडलेल्या क्ष-किरण वेधशाळेला 'चंद्रा' हे नाव दिले गेले ते म्हणूनच.

प्रत्यक्ष निरीक्षणे सुरू व्हायला आणखी तीन दशके लागली. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतून सोडलेल्या अग्निबाणाला वृश्चिक राशीच्या दिशेने येणारा तीव्र क्ष-किरणांचा स्रोत सापडला. आज त्याला 'स्को एक्स-१' म्हणतात. पाठोपाठ क्रॅब तेजोमेघातूनही क्ष-किरण येत असल्याचे दिसले. हा तेजोमेघ म्हणजे चिनी निरीक्षकांनी १०५४ मध्ये नोंदवलेल्या अतिनवताऱ्याचा अवशेष. त्याच्या मध्यभागी सेकंदाला सुमारे तीस फेऱ्या घेणारा न्यूट्रॉन तारा आहे.

मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तोवर वैश्विक किरणांचा अभ्यास चांगलाच रुजला होता. होमी भाभांचा तो मूळचा विषय. या किरणांसाठी उपकरणे फुग्याला टांगून उंच न्यावी लागत, आणि पॉलिथिनचे मोठे फुगे संस्था स्वतःच बनवू लागली होती. बी. व्ही. श्रीकांतन १९६०च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत एमआयटीमध्ये काही काळ होते. तेथे त्यांनी क्ष-किरणांचे नवे खगोलशास्त्र जवळून पाहिले आणि परतल्यावर कुलाब्यात या विषयाचा गट उभा केला. पी. सी. अग्रवाल, एस. बिस्वास, जी. एस. गोखले, व्ही. एस. अय्यंगार, पी. के. कुंटे, आर. के. मनचंदा ही नावे त्या काळच्या निबंधांवर श्रीकांतन यांच्यासोबत दिसतात. १९६८ मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यावरील उपकरणाने स्को एक्स-१ टिपला, आणि भारतात फुग्यांवरून क्ष-किरण स्रोतांचा अभ्यास सुरू झाला.

हैदराबादच का, याला सबळ कारण होते. हे शहर पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्तापासून फार दूर नाही. येथे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र कमी ऊर्जेच्या विद्युतभारित वैश्विक किरणांना वरच्या वरच परतवून लावते. क्ष-किरणांच्या शोधकात हे भारित कण खोटी नोंद उमटवतात. ते कमी, तितका खरा संकेत स्पष्ट. ज्या वैश्विक किरणांच्या शोधासाठी संस्थेने फुगे बनवायला घेतले, तेच किरण आता गोंगाट ठरून टाळायचे होते, ही त्यातली गंमत. दशकअखेरीस हैदराबादला फुग्यांचे कायमचे केंद्रच झाले.

एक उड्डाण म्हणजे मोठाच खटाटोप असे. वारा पडलेला असतो म्हणून फुगा शक्यतो रात्री किंवा पहाटे सोडत. जमिनीवर लांबच लांब पसरलेल्या पातळ पॉलिथिनच्या वरच्या टोकात थोडाच हायड्रोजन भरला जाई. वर हवेचा दाब घटत जाई तसा तो फुगत जाऊन पूर्ण आकार घेई. चाळीस किलोमीटरच्या आसपास वातावरणाचा अगदी थोडा अंश डोक्यावर उरतो आणि जास्त ऊर्जेचे क्ष-किरण तेथवर पोचतात. खाली टांगलेल्या पेटीत सोडियम आयोडाइडचा स्फटिक असे. त्यात क्ष-किरण शिरला की क्षणिक चमक उठे, ती मोजली जाई आणि आकडे रेडिओसंदेशाने खाली येत. काही तासांनी दोर तोडण्याची आज्ञा दिली की पेटी हवाई छत्रीने जमिनीवर उतरे.

उतरे म्हणजे कुठेतरी उतरे. वरचे वारे ऋतूनुसार दिशा बदलतात आणि पेटी हैदराबादपासून दोन-तीनशे किलोमीटरवर जाऊन पडू शकते. म्हणून आजही उड्डाणांच्या हंगामाआधी तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना सूचना जाते: शेतात छत्री, दोरखंड, उपकरणाची पेटी आढळली तर हात लावू नये, आत उच्च दाबाची वीज असू शकते, पेटीवरच्या पत्त्यावर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात कळवावे, कळवणाऱ्याला बक्षीस मिळेल. वेधशाळेचा सांगाडा तुरीच्या नाहीतर कापसाच्या रानात सापडावा, हे या शास्त्राच्या वाट्याला आलेले खास वैशिष्ट्य. सूचनेप्रमाणे वागणारा शेतकरी त्या प्रयोगाचा अखेरचा टप्पा पार पाडत असतो.

या गोष्टीत पुढे येणारे हिंगोली पहिल्या उड्डाणांच्या वेळी परभणी जिल्ह्यातला तालुका होता. त्याआधी तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि हिंगोलीला निजामाच्या फौजेची छावणी होती. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर हा भाग मुंबई राज्यात आला. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्या वेळी भौतिकशास्त्राच्या नकाशावर त्याचे नाव नव्हते.

फुग्याला दोन मर्यादा होत्या: निरीक्षण काही तासांचे, आणि कमी ऊर्जेचे क्ष-किरण चाळीस किलोमीटरवरही पोचत नाहीत. दोन्हींवर उपग्रह हाच उपाय. १९ एप्रिल १९७५ रोजी अवकाशात गेलेल्या 'आर्यभट'वर क्ष-किरणांचा प्रयोग होता, पण वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे चार-पाच दिवसांतच प्रयोग थांबले. पुढची मोठी संधी यायला तब्बल दोन दशके लागली. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या मुळात जमिनीच्या पाहणीसाठी असलेल्या उपग्रहावर टाटा संस्थेने बांधलेले तीन क्ष-किरण शोधक बसवले गेले. पाहुणे म्हणून गेलेल्या या उपकरणांनी जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या लहरी वागण्याचा चांगला मागोवा घेतला. क्ष-किरणांची तीव्रता मिनिटांत, कधी सेकंदांत बदलत होती आणि त्या बदलांवरून कृष्णविवराभोवतीच्या तबकडीतला वायू कसा आत जातो याचे अंदाज बांधता आले. पूर्णतः खगोलशास्त्रासाठी असलेल्या उपग्रहाची मागणी यानंतर जोरकसपणे मांडता आली.

तो उपग्रह म्हणजे 'ॲस्ट्रोसॅट'. २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने तो श्रीहरिकोट्याहून ६५० किलोमीटर उंचीवरच्या कक्षेत नेला. कक्षेचा विषुववृत्ताशी कोन जेमतेम ६ अंश ठेवला होता, म्हणजे भारित कणांचा सर्वांत दाट पट्टा बव्हंशी टाळता यावा. हैदराबाद निवडताना जो विचार होता, तोच येथे कामी आला.

ॲस्ट्रोसॅटच्या पाच उपकरणांपैकी तीन मुख्यतः कुलाब्याच्या संस्थेच्या पुढाकाराने घडली. त्यातली सौम्य क्ष-किरण दुर्बीण कारागिरीच्या दृष्टीने सर्वांत बघण्यासारखी. क्ष-किरण आरशावर सरळ पडला तर परावर्तित होण्याऐवजी आत शिरून शोषला जातो. तळ्यावर आडवी भिरकावलेली चपटी खापरी जशी पाण्यावरून उडते, तसा तो अगदी तिरका, एक अंशाहूनही कमी कोनात आला तरच परततो. म्हणून या दुर्बिणीत थाळीसारखा आरसा नसतो. एकात एक बसवलेले शंकूच्या आकाराचे पत्रे असतात. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर सोन्याचा गुळगुळीत थर चढवलेले असे ३२० आरसे संस्थेत तयार करून चाळीस कड्यांत बसवण्यात आले. के. पी. सिंग यांच्या नेतृत्वाखालच्या या कामाला वर्षानुवर्षे लागली. केंद्रस्थानचा कॅमेरा इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाचा होता. ऊर्जेचे माप पारखून घ्यायला टायकोचा अतिनवतारा उपयोगी पडला. १५७२ मध्ये दिसलेल्या त्या स्फोटाच्या अवशेषातल्या मूलद्रव्यांच्या रेषा ठरलेल्या ऊर्जांवर येतात, त्यामुळे आकाशातच मापपट्टी मिळते.

झेनॉन वायूने भरलेले तीन मोठे शोधक हे दुसरे उपकरण. त्यातल्या एकातून वायू गळू लागला आणि काही वर्षांत तो बंद करावा लागला. अवकाशात दुरुस्तीला कोणी जाणार नसते. तिसरे उपकरण कॅडमियम-झिंक-टेल्युराइड या अर्धवाहकाचे. चौसष्ट तुकड्या, प्रत्येकीत २५६ बिंदू, म्हणजे एकूण १६,३८४ बिंदूंचा हा कॅमेरा. ए. आर. राव यांच्या पुढाकाराने टाटा संस्था, पुण्याचे आयुका हे खगोलशास्त्र केंद्र, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा आणि इस्रोची केंद्रे यांनी तो मिळून बांधला. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी तो सुरू केला त्याच दिवशी त्याने एक गॅमा-किरण स्फोट नोंदवला. असे दीर्घ स्फोट प्रचंड ताऱ्यांच्या कोसळण्यातून होतात. २०२२ पर्यंत अशा स्फोटांची संख्या पाचशेवर गेली.

या कॅमेऱ्याचे सर्वांत गाजलेले काम क्रॅबवरचे आहे. क्ष-किरणांच्या कंपनाची पातळी एका दिशेला झुकलेली आहे का, म्हणजे त्यांचे ध्रुवीकरण किती आहे, हे मोजणे अवघड. त्यासाठी प्रत्येक किरण शोधकात कसा विखुरतो हे पाहावे लागते. २०१७ मध्ये 'नेचर ॲस्ट्रॉनॉमी'त आलेल्या निबंधाने दाखवले की क्रॅबच्या न्यूट्रॉन ताऱ्याचे झोत आपल्याकडे नसतात, त्या मधल्या काळातही ध्रुवीकरण बदलत असते. प्रचलित सिद्धान्तांना हे अपेक्षित नव्हते. मुळात ध्रुवीकरणासाठी बांधलेले नसलेले उपकरण जमिनीवरच्या काटेकोर चाचण्यांमुळे त्यासाठी वापरता आले, हे या गटाच्या तयारीचे श्रेय.

पुण्याजवळ दुसऱ्या बाजूनेही काम चालू होते. नारायणगावजवळच्या खोडदला गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेना फुटलेल्या ताऱ्यांच्या रेडिओलहरी पकडतात. येथेही आधी जागा ठरवावी लागली: शहरी रेडिओगोंगाटापासून दूर आणि भोवती टेकड्यांचा आडोसा. मुंबईचे अलक राय आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओखगोलभौतिकी केंद्रात आलेल्या पूनम चंद्रा यांनी क्ष-किरण आणि रेडिओ दोन्हींतून अतिनवताऱ्यांचा पाठपुरावा केला. मार्च १९९३ मध्ये एम८१ दीर्घिकेत दिसलेल्या एसएन १९९३जे या अतिनवताऱ्याच्या जीएमआरटी आणि अमेरिकेतल्या व्हीएलए या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या, तेव्हा वर्णपटात एका ठरावीक जागी उतार बदलताना दिसला. वेगवान इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावतात त्याची ती खूण. तिच्यावरून धक्कालहरीतल्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता थेट काढता आली. फुटण्याआधीच्या काळात ताऱ्याने किती वायू बाहेर टाकला होता, याचा अंदाज क्ष-किरणांवरून येतो. दोन्ही हिशेब जोडले की मेलेल्या ताऱ्याच्या अखेरच्या दिवसांचा बराचसा तपशील हाती लागतो. अशा अभ्यासाला एक निरीक्षण पुरत नाही. एकाच ताऱ्याकडे वर्षानुवर्षे परत परत जावे लागते.

पुढच्या पिढीतले वरुण भालेराव कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत असताना 'न्यूस्टार' या क्ष-किरण उपग्रहाच्या कामात होते.   न्यूस्टारने कॅसिओपिया-ए या सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या अवशेषातील किरणोत्सारी टायटॅनियम-४४ चा नकाशा काढला. टायटॅनियम सर्व बाजूंना सारखे पसरलेले नव्हते, वेडेवाकडे विखुरलेले होते. गाभा कोसळताना आतला पदार्थ ढवळला जातो आणि स्फोट एकसारखा गोल होत नाही, या मताला त्यामुळे बळ मिळाले. भालेराव भारतात परतून आधी आयुकात आणि मग मुंबईच्या आयआयटीत आले आणि ॲस्ट्रोसॅटच्या अर्धवाहक कॅमेऱ्यावर काम करू लागले.

तेवढ्यात १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगो या प्रकल्पाच्या अमेरिकेतील दोन शोधकांना दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणातून निघालेल्या गुरुत्वीय लहरी सापडल्या. ही कृष्णविवरे म्हणजे कोसळलेल्या ताऱ्यांचेच अवशेष. क्ष-किरणांतून ज्यांचा माग काढत होतो तीच आता अवकाशाच्या थरथरीतून हाताला लागत होती. दोन्ही पद्धतींची सांगड घालायचे काम लगेच आले. ४ जानेवारी २०१७ च्या लहरींनंतर त्याच भागात एक मावळता प्रकाशबिंदू दिसला आणि तो या विलीनीकरणाचा असावा अशी शंका आली. ॲस्ट्रोसॅटने दुसऱ्या दिवशीचा एक वेगळा गॅमा-किरण स्फोट नोंदवला होता. भालेराव आणि सहकाऱ्यांनी दाखवले की प्रकाशबिंदू त्या स्फोटाचा आहे, लहरींशी त्याचा संबंध नाही. त्याच वर्षी १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर झाली आणि लहरींपाठोपाठ १.७ सेकंदांनी गॅमा-किरण आले. तेव्हा ती दिशा ॲस्ट्रोसॅटच्या दृष्टीने नेमकी पृथ्वीआड होती, त्यामुळे त्याला काही दिसले नाही. न दिसणेही कामाचे ठरले: आकाशाचा उघडा भाग वगळता आला आणि शोधाचा पट्टा लहान झाला.

गुरुत्वीय लहरींचे काम पुण्यात बरेच आधी सुरू झाले होते. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या आयुकात संजीव धुरंधर यांनी गोंगाटात दडलेला संकेत ओळखण्याच्या पद्धतीवर काम केले. दोन ताऱ्यांची जोडी जवळ येताना कशी लहर निघेल याचे हजारो नमुने गणिताने तयार ठेवायचे आणि आलेल्या नोंदीशी एकेक ताडून पाहायचा. नमुने किती आणि किती अंतराने ठेवावेत याचा हिशेब धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ च्या निबंधात मांडला. लहर प्रत्यक्ष सापडायला अजून चोवीस वर्षे होती. अशा विषयाला तेव्हा फारसे कोणी विचारत नव्हते.

भारतात शोधक हवा, ही मागणी २००९ मध्ये स्थापन झालेल्या 'इंडिगो' या शास्त्रज्ञांच्या गटाने उचलून धरली. अमेरिकेतल्या हॅनफर्डला दोन शोधक होते. त्यातल्या एकाचे भाग परदेशी नेऊन बसवण्याचा विचार होता. आधी ऑस्ट्रेलियाला विचारले गेले, पण तेथून नकार आला आणि भारताचे नाव पुढे आले. लहर पोचल्याच्या वेळेत ठिकाणांमध्ये जो काही मिलिसेकंदांचा फरक पडतो, त्यावरून स्रोताची दिशा काढतात. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेले ठिकाण त्यासाठी मोलाचे. लहरी सापडल्याची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजी झाली आणि सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली.

जागेचा विचार येथे उलट दिशेने करावा लागतो. क्ष-किरणांसाठी हवेच्या वर जायचे. गुरुत्वीय लहरींसाठी जमिनीवरच राहून हवा काढून टाकायची. एल आकाराच्या, प्रत्येकी ४ किलोमीटरच्या दोन नळ्यांत निर्वात पोकळी करून लेझरचा किरण मागेपुढे धावतो आणि टोकाच्या सुमारे ४० किलोच्या आरशांमधले अंतर प्रोटॉनच्या व्यासाहून हजारो पटींनी लहान फरकापर्यंत मोजले जाते. आरसे लंबकासारखे टांगलेले असतात, तरीही समुद्राच्या लाटांचे धक्के, रेल्वे, अवजड वाहने, कारखाने, जोराचा वारा हे सगळे जाणवते. देशातल्या बऱ्याच जागा पाहिल्यावर औंढा नागनाथ तालुक्यातली दुधाळ्याची जागा पक्की झाली. दोन्ही समुद्र शेकडो किलोमीटर दूर, मोठे शहर जवळ नाही, जमीन बऱ्यापैकी सपाट, आणि मातीखाली दख्खनचा काळा पाषाण. ज्योतिर्लिंगाचे औंढा, नामदेवांचे नर्सी आणि हळदीच्या बाजारासाठी ओळखला जाणारा हा जिल्हा कारखानदारीत मागे राहिल्याची खंत स्थानिक लोक नेहमी बोलून दाखवतात. शोधकाला मात्र नेमके हेच मागासलेपण हवे होते.

भूकंपाची शंका निघणे साहजिक आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून आवाज येतात, आणि २०२४ मध्ये हिंगोली जिल्ह्याला ४.५ तीव्रतेपर्यंतचे धक्के बसले. शोधकाला खरा जाच होतो तो रोजच्या, सततच्या बारीक कंपनांचा. अधूनमधून येणाऱ्या धक्क्याने आरशांचा मेळ सुटतो आणि काही तास नोंद थांबते. हजारो मैलांवरच्या मोठ्या भूकंपांनी अमेरिकेतले शोधकही असेच थांबतात. बांधकामात मात्र या धक्क्यांची गणना धरावीच लागते.

मार्च २०१६ मध्ये अमेरिकेशी करार झाला. पूर्ण मंजुरीला सात वर्षे गेली: ६ एप्रिल २०२३ रोजी मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांना मान्यता दिली आणि ११ मे रोजी दूरस्थ पद्धतीने पायाभरणी झाली. आयुकाकडे जागेची निवड आणि माहितीचे विश्लेषण, इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राकडे लेझर, गांधीनगरच्या प्लाझ्मा संस्थेकडे निर्वात नळ्या आणि अणुऊर्जा खात्याकडे बांधकाम अशी कामांची वाटणी आहे. २०३० च्या सुमारास शोधक सुरू व्हावा असे तेव्हा ठरले.

त्याच्या जोडीला क्ष-किरणांचा नवा प्रस्तावही तयार आहे. भालेराव आणि टाटा संस्था, आयुका, भौतिकी प्रयोगशाळा यांच्या गटाने मांडलेल्या 'दक्ष' योजनेत पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना राहणारे दोन उपग्रह आहेत. २०१७ च्या ऑगस्टप्रमाणे एक पृथ्वीआड गेला तरी दुसऱ्याला स्रोत दिसत राहील. औंढ्यातल्या शोधकाने इतर शोधकांसोबत दिशा काढून कळवली की कोणत्या भागात शोधायचे हे या उपग्रहांना ठाऊक असेल, आणि उपग्रहांनी क्ष-किरण आधी टिपले तर गुरुत्वीय लहरीच्या नोंदी त्या क्षणाभोवती नव्याने तपासता येतील.